अंदाजपत्रकात सरळ झालेला विळा

"एकदा तापवला की विळा तुमच्या हातात, काकू," असं लोहार म्हणाला, तेव्हा ऊन कोवळं होतं. आता आभाळ काळंभोर होऊन आलं, तरी ऐरणीवर देशाचं अंदाजपत्रकच चाललेलं.

काकूच्या घरी दुसरं माणूस नाही. गहू पिकून खडखडीत उभा. एक सर आली की भुईसपाट. विळ्याचं टोक दगडावर आपटून मुडपलं होतं, तेवढं परत वळवायचं काम. पण भात्याला दूधवाला बसला होता.

"सरकारनं सगळं रस्त्यांवर ओतलं. शेतीला काय? बोटं चाटा!"

"अरे, रस्ते झाले की माल हलतो." ठण्! "माल हलला की कामं निघतात." ठण्! ठण्!

"आणि रस्त्यांसाठी काढलेलं कर्ज? ते कोण फेडणार, तुझा सासरा?"

"सासऱ्याला मधे आणू नकोस हां!"

दूधवाला चिडला की भाता दणादण चाले, लोखंड लालबुंद होई, आणि मऊ लोखंड दिसलं की लोहाराला आपला मुद्दा आणखी पटवून द्यावासा वाटे. काकू दोनदा म्हणाली, "पुरे रे बाबांनो." ऐकतंय कोण!

लोहारानं विळा पाण्यात बुडवला. चर्र झालं. बाहेर काढला, तर पट्टीसारखा सरळ.

"घ्या! झाला यांचा रस्ता," दूधवाला म्हणाला.

लोहाराचा चेहरा पडला. "काकू, दुसरा करून देतो. दुपार कलेल फक्त."

काकूनं एकदा वर पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दुपारपर्यंत आभाळ थांबायचं नाही रे. तुमचे विळे आहेत ना घरी? चला दोघंही."

"काकू, माझ्या म्हशी..."

"म्हशींना अंदाजपत्रकाची घाई नाही. आणि बोलणं बंद करू नका हो, चालू द्या तुमचं."

शेतात दोघं शेजारच्या ओळींना लागले. एकानं मुद्दा मांडला की दुसरा उत्तर द्यायला भराभर कापत त्याला गाठी. काकू मागून पेंढ्या बांधत होती. मध्येच दोघं दमले, कमरेवर हात ठेवून गप्प उभे राहिले. ढग गडगडला.

काकू पेंढीची गाठ आवळत, अगदी भोळेपणानं दूधवाल्याला म्हणाली, "पण काय रे, त्या कर्जाचं याला उत्तर देता आलंच नाही, नाही का?"

"देता आलं नाही? मला?" लोहार खाली वाकला. विळे पुन्हा सपासप चालायला लागले.

शेवटचा भारा छपराखाली आला आणि टपोरे थेंब सुरू झाले. अंदाजपत्रक काही अजून मंजूर झालं नव्हतं.