सागाच्या ठोकळ्यांवर बसलेली फियाट

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, आणि वाटू नये अशीच माझी इच्छा आहे. तुम्हा लोकांना काय काय खरं वाटतं ते मी रोज बघतो. अशांनी माझ्यावर विश्वास ठेवला तर कमीपणा मलाच यायचा.

शिरगावला विश्रामच्या ओट्यावर बसून मी एवढं म्हटलं, तेव्हा विश्राम फाटलेलं जाळं सांधत होता. शेजारच्या अंगणात सुलू वाळलेले बोंबील टोपलीत भरत होती. सुलू म्हणजे धर्माजीची सून, शेजारच्या पाम गावची मुलगी.

"आज कोनाची इज्जत काढताय, दामूकाका?" विश्रामने विचारलं.

"हिच्या सासऱ्याची. आणि एकनाथ मिस्त्रीची. दोघांची मिळून एकाला पुरेल एवढीच होती."

सुलूने मान वर केली नाही. "सांगा की. माज्या वरातीचीच ना? ऐकते."

"तू ऐकच. तुला त्यातलं काय ठाऊक असणार? नाकापर्यंत पदर, आत रडारड. रस्ता तरी बघितलास का तू?"

तर, पंचाण्णव सालची गोष्ट. धर्माजीकडे त्याच्या बापाची जुनी फियाट होती. समुद्राच्या वाऱ्याने तिचं इंजिन असं गंजलं होतं की त्यात कोंबडीही अंडं घालायला तयार नव्हती. ती दारात उभी करून धर्माजी तिच्यावर सुकट वाळवायचा आणि आल्यागेल्याला "आमची गाडी" म्हणून दाखवायचा. मुलाच्या साखरपुड्यात ह्या गृहस्थाने चारचौघांत छाती काढली, "सून माज्या गाडीतनं येल!"

तिथे कमलाकांत बसला होता. ह्याचा मासळीचा टेम्पो पालघर स्टेशनला रोज जायचा, त्यामुळे आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटायचं. तो म्हणाला, "आनि गाडी बंद पडली तर? सून माज्या टेम्पोतनं उतरली, तर होळी पेटवायचा मान माज्या घरात. कबूल?"

होळीचा मान धर्माजीच्या घरात आजोबांपासून. शहाण्या माणसाने अशा वेळी खोकून विषय बदलला असता. धर्माजी म्हणाला, "कबूल."

मग धावाधाव. बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे हायवेवर ठोकर खाल्लेल्या परदेशी गाडीचं इंजिन मिळालं. नवंकोरं, आणि त्याच्याबरोबर तारांचं हे एवढं जंजाळ आणि एक चपटी पत्र्याची डबी. भंगारवाला म्हणाला, "सेठ, ये डिब्बा इसका दिमाग है. इसको संभालना." धर्माजीला दुसऱ्याचा मेंदू सांभाळायची सवय नव्हती, स्वतःचाही कधी लागला नव्हता. तरी त्याने ती डबी टॉवेलात गुंडाळून आणली.

आता हे इंजिन बसवणार कोण? गाड्यांचे मेकॅनिक बोईसरला ढिगाने. पण धर्माजीने बोलावला एकनाथ. एकनाथचा जन्म होड्यांची इंजिनं बसवण्यात गेलेला. चाक असलेली वस्तू त्याने फक्त खालून पाहिली होती, तीही बैलगाडी.

होडीत इंजिन बसतं लाकडावर. एकनाथने बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "लोखंडावर लोखंड? हादरून हादरून फुटंल हो ते. लाकूड पायजे." झालं. मोडीत निघालेल्या होडीचं सागवान कापून त्याने चार ठोकळे केले, त्यांना तेल पाजलं आणि त्यांवर ते इंजिन बसवलं. असं बसलं की आता पापलेट धरायलाच निघालंय.

"चांगलंच की ते. साग हाय," विश्राम म्हणाला.

"तू जाळंच सांध, विश्राम. अरे, होडी लाकडाची, म्हणून तिथे विजेला जायला एक तार आणि यायला दुसरी. गाडीत दुसरी तार नसते. परतीची वाट म्हणजे गाडीचंच लोखंड. तू मधे साग घातलास की वाट बंद. जुन्या इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी होती, ती ह्याचसाठी. एकनाथने ती काढली आणि 'ही कसली फालतू' म्हणून त्याच पट्टीने खुराड्याचं दार बांधलं."

तरी इंजिन सुरू झालं, बरं का. वीज म्हणजे कमलाकांतसारखी, मागच्या दारानेही शिरते. तिला एक्सिलरेटरची बारीक केबल सापडली, एका टोकाला इंजिनाला लागलेली आणि दुसऱ्या टोकाला पायाशी, बॉडीला. सगळी वीज तिथून परत जायला लागली. त्या डबीला मात्र काही उमजेना. तिला ठरलेली वाट लागते, शिस्त लागते. इंजिन कधी आजारी म्हशीसारखं कण्हायचं, कधी उगाच किंचाळायचं. डॅशबोर्डवरच्या काट्यांनी तर लाज सोडली होती. एकनाथ म्हणाला, "नवीन हाय ना, रुळंल." अर्ध्या जगाचं वाटोळं ह्या एका वाक्याने केलंय.

गाडी तशीच कण्हत पामला पोचली. मागे कमलाकांतचा टेम्पो, बर्फाच्या पेट्यांसकट. म्हणे, पाहुण्यांसाठी पापलेट आणलेत. गिधाडं मैताला येताना तांदूळ घेऊन येतात का कधी?

लग्न लागलं, पाठवणी झाली. सुलू मागे बसली, धर्माजीने चावी फिरवली, आणि पायाशी ती केबल लाल झाली. निखाऱ्यासारखी! धर्माजी ओरडला, पाय वर घेतला. केबल तुटली, धूर आला आणि इंजिन गप्प. कमलाकांत टेम्पोतून उतरलासुद्धा नाही. नुसता हसला आणि क्लीनरला मागचं फळकट खाली पाडायला लावलं.

धर्माजीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आजोबांचा मान डोळ्यांसमोर चाललेला. एकनाथ? तो ठोकळ्यांना तेल लावत होता!

"मग?" विश्रामचा हात थांबला.

"मग काय, मी. मी म्हटलं, व्हा बाजूला नालायकांनो. बॉनेट काढून ठेवलं, पंचा खाऱ्या पाण्यात भिजवून अंगाला गुंडाळला, बंपरवर उभा राहिलो. एक हात इंजिनाला, एक हात गाडीच्या लोखंडाला. परतीची वाट मी झालो! डबीला वाट मिळाली, ती शहाणी झाली, आणि इंजिन असं गुणगुणायला लागलं की पामची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. केबल नव्हती, तर रेसही मीच देत होतो, एका बोटाने. बोईसरच्या नाक्यावर कारखान्यातून सुटलेले लोक ओरडले, 'अरे चाचा, करंट नहीं लगता?' मी म्हटलं, लगता है, पर हमको कौन पूछता है! एकाने माझ्या तोंडात बल्ब दिला. पेटला. पालघरपर्यंत माझे केस उभे होते, ते पुढे कायमचे तसेच राहिले."

"तुमाला केस नायत, काका."

"म्हणूनच नाहीत! तर असा मी शिरगावात शिरलो, सून धर्माजीच्या गाडीतून उतरली, आणि कमलाकांत काळं तोंड करून गेला."

विश्रामने सुतळी तोडली. "मंग होळी दरवर्षी कमलाकांतच्या घरचे कशी पेटवतात?"

"धर्माजीचं मन मोठं. हरलेल्याला त्याने देऊन टाकला मान. मूर्ख माणसं अशीच उदार असतात."

सुलूने टोपली खाली ठेवली, हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"दामूकाका, माजा पदर नाकापर्यंत होता, डोळं फुटलं नव्हतं. ती गाडी पामला आमच्या दारात पावसाळाभर उभी होती, माज्या बाबांनी तिच्यात कोंबड्या ठेवल्या. मी आले कमलाकांतमामांच्या टेम्पोतनं, बर्फाच्या पेटीवर बसून, शालू भिजवत. आनि तुमी कुटं होता सांगू? माज्या बाजूच्याच पेटीवर. पालघर येईस्तोवर माज्या ओटीतला नारळ फोडून खाल्लात, आनि करवंटी माज्याच हातात दिलीत."