रद्द कोणी केले?

विमान कंपनीचा निरोप आला तेव्हा ताई एका काळ्या कोटाच्या कोपराचे रफू करीत होत्या. गल्लीतले लहानथोर सारे त्यांना ताईच म्हणत. इस्त्रीने जळलेले असो वा कसरीने खाल्लेले, कोणत्याही वस्त्राचे छिद्र त्या असे बुजवीत, की खुद्द मालकाला ते पुन्हा सापडू नये. मोबाइल टेबलावर थरथरला. त्यांनी हातातला टाका पुरा केला, सुयांच्या छोट्या गादीत सुई खोचली, आणि मगच चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

निरोप मोठ्या गोड भाषेत होता. आपल्या विमानाच्या वेळेत बदल झाला असून ते आता ठरल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटेल. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. खाली दोन बटणे होती. हिरव्यावर लिहिले होते ‘बदल मान्य’, आणि लालवर ‘तिकीट रद्द’.

ताईंनी निरोप पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जहाज बंदरात असणारच नव्हते.

त्या जहाजाच्या इंजिनखोलीत त्यांचा धाकटा भाऊ काम करीत असे. आईवडिलांच्या मागे ताईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. तो समुद्रावर नोकरी धरतो म्हणाला, तेव्हा त्यांनी आकाशपाताळ एक केले; आणि तो निघाला त्या सकाळी त्या रागाने कामाच्या टेबलाशी पाठ करून बसून राहिल्या. “येतो, ताई,” तो दारातून म्हणाला. त्यांनी मान वळवली नाही. पुढे फोन झाले, खुशाली कळत राहिली. पण त्याची सुट्टी कधी जुळली नाही, जुळली तेव्हा तो आला नाही, आणि त्याने अखेरची पाहिली ती आपली पाठ, हे शल्य ताईंच्या मनातून गेले नाही. आता त्याचे जहाज एका परक्या बंदरात एक दिवस थांबणार होते, आणि मग पृथ्वीच्या पार पलीकडच्या फेऱ्यांवर जाणार होते. त्याने आपण होऊन विचारले होते, “ताई, येशील?” जन्मात त्याने बहिणीकडे एवढेच एक मागितले होते.

“अगं, दाब की हिरवं!” त्यांचे यजमान खांद्यावरून डोकावून म्हणाले. यजमान लिफ्टदुरुस्तीचे काम करीत. बटण दाबायचे आणि काय होते ते पाहायचे, यातच त्यांची हयात गेली होती. “आधी मान्य तर करू. मग बघू काय करायचं ते.”

“अहो, ही लिफ्ट नाही. चुकीच्या मजल्यावर गेली तर परत खाली यायची नाही.”

“मग लाल दाब. पैसे घे आणि दुसरं तिकीट काढ.”

“कुठलंच दाबायचं नाही. हात मागे घ्या आधी.”

यजमानांनी हात मागे घेतला खरा. पण त्यांचे बोट बराच वेळ हवेत तसेच होते.

ज्याच्याकडून तिकीट काढले होते, तो तिकीटवाला चौकातच बसत असे. तो सज्जन होता, फक्त सदा घाईत. दोन फोनांमध्ये मान अडकवूनच त्याने ताईंचे बोलणे ऐकले.

“ताई, तुमचं तिकीट सगळ्यात स्वस्तातलं. रिफंड नाही असंच त्यावर लिहिलंय. कॅन्सल केलं तर विमानतळाचे कर तेवढे परत येतील, तेही सावकाश. पण करायचं तर आज करा. माझा सल्ला विचाराल, तर संपवून टाका.”

“आणि त्या पैशांत नवं तिकीट येईल?”

तिकीटवाला नुसता हसला. “आजच्या भावात? तुमच्या त्या करांच्या पैशांत विमानतळापर्यंतची रिक्षा येईल.”

“बघा, मी म्हणत होतो, थोडे जास्त देऊन चांगलं तिकीट घे,” यजमान म्हणाले.

“तुम्ही म्हणत होतात? ‘आकाश तेच, खुर्ची तीच, जास्त कशाला द्यायचे’ हे कोण म्हणालं होतं?”

तिकीटवाल्याने हसू लपवायला फोन कानाला लावला. ताई मात्र हसत नव्हत्या. “रिफंड नाही, हे कुठे लिहिलंय तेवढं मला दाखवा. आणि त्याच्या मागचं-पुढचंही सगळं द्या.”

“ते वीस पानी पुराण आहे, ताई. कोणी वाचत नाही.”

“उसवलेलं कुठून आहे ते पाहिल्याशिवाय मी सुई लावत नाही. छापून द्या.”

घरी येऊन त्यांनी दिव्याखाली ती पाने पसरली. ज्या भिंगातून त्या लोकरीचा ताणा आणि बाणा वेगळा ओळखीत, तेच भिंग आता अक्षरांवरून फिरू लागले. प्रवासाच्या अटी अशा लिहिलेल्या होत्या, की एका वाक्याच्या पोटात दुसरे, आणि त्याच्या पोटात तिसरे. पहिल्या वाचनात ताईंना काही उमगले नाही. दुसऱ्यात एवढेच कळले, की आपल्याला काही उमगलेले नाही. हेही ज्ञानच होय. पुष्कळांची गाडी त्याच्या अलीकडेच थांबते.

तिसऱ्यांदा वाचताना त्या एका शब्दाशी अडल्या. ‘रिफंड नाही’ हे वाक्य होते खरे, ठळक अक्षरांत होते. परंतु ते ज्या प्रकरणात होते त्याच्या माथ्यावर लिहिले होते, ‘प्रवाशाने स्वतःहून तिकीट रद्द केल्यास’. त्यांनी पाने उलटली. पुष्कळ पुढे, बारीक अक्षरांत दुसरे प्रकरण होते: ‘कंपनीने विमान रद्द केल्यास अथवा वेळेत मोठा बदल केल्यास’. तेथे ठळक असे काहीच नव्हते. पण मजकूर स्पष्ट होता. अशा वेळी तिकीट कोणत्याही दराचे असो, प्रवाशाने पूर्ण पैसे परत घ्यावेत, किंवा कंपनीच्याच दुसऱ्या विमानात, जागा असल्यास, अधिक काही न देता जावे. निवड प्रवाशाची. मात्र त्याने बदल आधीच मान्य केलेला नसावा, किंवा तिकीट स्वतः रद्द केलेले नसावे.

सामान्य नियम सर्वांना लागू असतो. पण जेथे विशेष नियम बोलू लागतो तेथे सामान्याने मौन धरावे, ही रीत फार जुनी आहे. ताईंनी ती कोणाकडून शिकलेली नव्हती. त्यांना फक्त एवढे दिसले, की सारे काही एका प्रश्नावर टांगलेले आहे: रद्द कोणी केले?

“अहो,” त्यांनी हाक मारली, “दोन्ही बटणं आपल्याला गुन्हेगार ठरवायला ठेवली आहेत. हिरवं दाबलं की आपण खूश. लाल दाबलं की आपणच मोडलं. मोडलं त्यांनी, आणि सही आपली!”

यजमानांनी ती ओळ भिंगातून पाहिली, मग भिंगाशिवाय पाहिली. “म्हणजे मी त्या वेळी हिरवं दाबलं असतं, तर…”

“तर मी जन्मभर तुम्हाला जिन्याने चढायला लावलं असतं.”

फोन करणे हे मात्र वाचण्याहून कठीण निघाले. कंपनीच्या यंत्राने आधी भाषा विचारली, मग क्रमांक, मग कारण. आणि मग एक सुरावट लावून दिली, जिला ना आरंभ होता ना अंत. ताईंनी फोन टेबलावर उघडा ठेवला आणि कोटाचे कोपर पुढे ओढले. पहिल्यांदा जो माणूस बोलला त्याने तिकिटाचा दर पाहताच “रिफंड नाही” म्हटले, आणि ताईंचे वाक्य संपण्याआधी फोन तुटला. दुसऱ्या वेळचा मोठा आर्जवी होता. तो म्हणाला, “आपण आधी कॅन्सल करा, मग तक्रार नोंदवा, आम्ही नक्की विचार करू.”

“आधी पाय कापून घ्या, मग जोडे देऊ, असंच ना?” ताई म्हणाल्या. “नाही करणार.”

“मग मी काही करू शकत नाही, मॅडम.”

“ठीक आहे. जो करू शकतो, तो भेटेपर्यंत मी फोन करीन. तुमचा सूर आता मला पाठ झालाय.”

दुसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप पुन्हा आला: आपण अद्याप उत्तर दिलेले नाही. ताईंनी मोबाइल लोकरीच्या टोपलीत तळाशी ठेवला आणि यजमानांना बजावले, “टोपलीला हात लावायचा नाही.” यजमान त्या दिवशी टोपलीपासून असे अंतर ठेवून वावरले, जणू तीत साप आहे. आतून ते धास्तावलेले होते. “हट्ट अंगाशी आला तर? सगळंच गेलं तर?” त्यांनी एकदा हळूच विचारले.

“गेलं तर गेलं,” ताई म्हणाल्या. “पण मी सोडलं म्हणून गेलं, असं होऊ देणार नाही. त्या वेळी मी नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं. तेवढंही केलं नाही. आता हात आखडणार नाही.”

यजमान उठले. त्यांनी चहा टाकला, एक कप टेबलावर आणून ठेवला, आणि आपल्या फोनवरून कंपनीला फोन लावून तो ताईंच्या कानाशी धरला, म्हणजे त्यांचे दोन्ही हात सुईला मोकळे राहावेत.

या खेपेस एक मुलगी बोलली. आवाज थकलेला होता, पण ऐकणाऱ्याचा होता. तिनेही आरंभ तोच केला, “मॅडम, हे तिकीट नॉन-रिफंडेबल…”

“बाळ, ते मी रद्द केलं तर. मी रद्द केलेलं नाही. विमान तुम्ही हलवलंत. तुमच्याच अटींत पुढचं प्रकरण आहे, ते उघड. मी थांबते.”

पलीकडे कळफलकाचा आवाज झाला.  “हो… आहे. मॅडम, तुम्ही निरोपातलं कुठलं बटण दाबलंत का?”

“नाही.”

“नक्की? मान्य नाही, रद्द नाही?”

“नाही म्हणजे नाही. इथे बटणं दाबण्यात हयात गेलेला माणूस उभा आहे, त्यालाही हात लावू दिलेला नाही.”

मुलगी हसली. यजमानांनी छातीवर हात ठेवून शपथेवर असल्यासारखी मान हलवली, जरी पलीकडच्या मुलीला ते दिसणार नव्हते.

“मग तुम्हाला पूर्ण रिफंड मिळू शकतो. नोंद करू?”

येथे यजमानांचा चेहरा उजळला. ताईंचा नाही. “पैसे यायला किती दिवस?”

“काही आठवडे लागतात.”

“तोवर जहाज समुद्रात. मला रिफंड नको, बाळ. मला तिथे वेळेवर पोहोचव. ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी तुमचं विमान जातं ना?”

“जातं. जागाही आहे. पण तारीख बदलायची तर बदलाचा चार्ज आणि भाड्यातला फरक…” ती मध्येच थांबली.  हातातला टाका ताईंनी तसाच अर्धा धरून ठेवला. “नाही,” मुलगी स्वतःशीच म्हणाली, “तारीख तुम्ही बदललेली नाही. थांबा, वरिष्ठांना विचारून येते.”

पुन्हा तीच सुरावट. यजमान फोन धरून उभे होते, आणि त्यांचा हात भरून आला तरी त्यांनी तो बदलला नाही. ताईंनी डोळे मिटले. कोणतेही स्तोत्र त्यांच्या ओठांवर नव्हते. पण त्या क्षणीच्या त्यांच्या स्तब्धतेत आणि प्रार्थनेत अंतर नव्हते.

“मॅडम? झालं. आदल्या दिवशीचं. काही भरायचं नाही. नवं तिकीट पाठवते. फक्त…”

“फक्त काय?”

“त्याच्याबरोबर एक बटण येईल. ते मात्र दाबा.”

तिकीट आले. ताईंनी टोपलीतून मोबाइल काढून ते ओळीने वाचले, नाव, तारीख, वेळ. मग भिंगातून पुन्हा वाचले. आणि मोबाइल यजमानांपुढे धरला. “घ्या. दाबा तुमचं बटण.”

यजमानांनी बोट धोतराला पुसावे तसे पँटला पुसले, आणि आयुष्यात कोणतीही लिफ्ट इतक्या आदराने बोलावली नसेल, तसे ते बटण दाबले.

त्या परक्या बंदराच्या फाटकासमोर प्रवाशांसाठी एक बाक होता, पण त्याचे तोंड रस्त्याकडे होते. पहारेकऱ्याने ताईंना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होते, पाय दुखत होते. तरी त्या फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कामगारांचे घोळके बाहेर पडत, आणि प्रत्येक घोळक्यावरून त्यांची नजर सुईसारखी फिरे.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले होते. त्याने मान वर केली. समोर बहिणीचा चेहरा होता.

 मग तो जवळ आला, वाकून पायांना हात लावू लागला. ताईंनी त्याला मध्येच धरले, आणि त्याच्या स्वेटरच्या कोपरावर त्यांचा हात थांबला. तेथे कोणीतरी जाड दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी छिद्र आवळले होते.

“हे कोणी केलं?”

“मीच. तू करायचीस तसं.”

“मी असं करते?” ताई म्हणाल्या. त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली आणि सुईची डबी बाहेर काढली. “बस इथे. माझ्याकडे तोंड करून बस. हे सगळं उसवून पुन्हा करावं लागेल.”