चार पावलं न चाललेली कोंबडी

बस इथं, चुलीपाशी. एका माजोरड्या माणसाची गोष्ट सांगतो. माणूस कसला, रिकामं खोकं. थू वा त्याचं नाव. ओढ्यापलीकडं राहतो आणि आता माझा व्याही आहे. नशीब माझं.

ह्या थू वानं आमच्या डोंगरात पहिली बॉयलर कोंबड्यांची शेड घातली. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, आणि ताकीदही कंपनीची: आवारात गावरान कोंबडं दिसायचं नाही, रोग येतो. पठ्ठ्यानं घरातली सगळी गावरान कोंबडी कापून खाल्ली. बायकोची खुडूक कोंबडीसुद्धा अंड्यांवरनं उचलून नेली. वर मला ऐकवायचा, "काका, तुमची कोंबडी वर्षभर उकिरडा उकरते तेव्हा कुठं मूठभर होते. माझी बघा, पोत्यासारखी फुगते."

पोतंच ते. पांढरं, मुकाट, बसल्या जागी गिळणारं. साप दारात आला तर "या, बसा" म्हणेल. कोंबडं म्हणजे माझा तांबडा. बोट दाखवलंस तर बोट फोडेल. विकतचा दाणा त्यानं जन्मात खाल्ला नाही, असं मी गावभर सांगत फिरायचो.

तर माझी नात एपॉ. तिचा जीव जडला नेमका थू वाच्या थोरल्या पोरावर, साग्येवर. पोरगा बरा होता, बापावर गेला नव्हता. माझ्या डुकरांसाठी केळीचे बुंधे चिरून द्यायचा. पण लग्न ठरवायचं तर आमच्यात आधी हाडांना विचारावं लागतं. मुलाच्या घरचं कोंबडं कापायचं, मांडीची दोन्ही हाडं खरवडायची, त्यातल्या बारीक भोकांत बांबूच्या काड्या खोचायच्या आणि काड्या कशा उभ्या राहतात ते बघायचं. हाडं नाही म्हणाली की संपलं. एपॉच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

थू वा आला बॉयलर मिरवत. "एवढी मोठी आणली होती का कुणी आजवर?"

हाडं वाचणारा म्हातारा पा लो. त्यानं हाड खरवडायला घेतलं तर ते चाकूखाली चिकूसारखं सोलून यायला लागलं. काडी लावली तर वाटेल तिथं घुसली. दुसरी लावली, हाडच चिरलं.

"काय म्हणतंय?" थू वानं विचारलं.

"काय म्हणणार, डोंबल? ही जन्मात चार पावलं चालली नाही. हिला कशाची वाट ठाऊक असणार?"

मी हसलो. पोट धरून हसलो. मग एपॉचं तोंड दिसलं आणि हसणं आवरलं.

"दुसरी आणतो," थू वा म्हणाला. "शेड भरलीय."

"एक मुकी काय अन् शेडभर मुक्या काय," पा लो म्हणाला.

"मग काका, तुमचा तांबडा द्या. म्हणाल तो भाव."

"विकतचं चालत नाही, उसनं चालत नाही. आणि तुझ्या पैशाला माझं डुक्करसुद्धा हुंगणार नाही."

पा लो काड्या गुंडाळायला लागला. तो उठला की सोयरीक मोडली.

तेवढ्यात एपॉ पा लोला म्हणाली, "आजोबा, कोंबडं कुणाचं धरायचं?"

"ज्याच्या झाडावर झोपतं त्याचं," पा लो म्हणाला. "हे काय आज विचारायचं?"

"मग आमचा तांबडा कुठं झोपतो ते बघा की."

साग्ये पायाकडं बघायला लागला. थू वाचा जबडा खाली आला. "तो लाल दरोडेखोर तुमचा? माझ्या फणसावर बसतो! सांडलेलं सगळं खाद्य टिपून जातो! रोज दगड मारतो मी त्याला!"

"लागला का कधी?" मी विचारलं.

"नाही ना!"

"मग माझाच तो," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता जीभ चावली. कंपनीचं खाद्य! माझा तांबडा!

पा लो म्हणाला, "दिवस मावळू दे. आपण बघू."

सगळे ओढ्याकाठी बसलो. तांबडा माझ्या अंगणात उभा होता, मान वाकडी करून. माझ्या मुठीत भात होता. एकदा "टो टो" केलं असतं तर धावत आला असता. एपॉ माझ्या मुठीकडं बघत होती. मी भात ओढ्यात सोडला.

तांबडा पंख फडफडवत पलीकडं गेला आणि थेट फणसावर चढला.

हाडं लोखंडासारखी निघाली. काड्या उभ्या राहिल्या त्या एकमेकींकडं झुकून, चुलीपाशी बसलेल्या नवराबायकोसारख्या. पा लोनं नुसती मान डोलावली. एपॉ त्या रात्री दोन वाडगे भात जेवली. मी म्हणालो, रश्श्याला कंपनीची चव लागतेय. कुणी लक्ष दिलं नाही.

आता तू उद्या खाली उतरशील ना, तुझी वाट थू वाच्या दारावरनंच जाते. त्याचा धाकटा हल्ली पाणवठ्यावर रेंगाळायला लागलाय, आणि त्या खोक्याच्या घरात चालतं कोंबडं एक नाही. हे डालगं घे. तांबड्याचीच पिल्लं आहेत. शेडकडं नको, फणसाखाली सोड. आणि थू वानं विचारलं तर माझं नाव तेवढं घेऊ नकोस.