हाताला न गवसलेलं

मैनाबाईने कोमट खोबरेलाचा तळवा अनिताच्या पोटावर फिरवला. सुनेच्या बाळंतपणाला बारा दिवस झाले होते. कातडीखालची मऊ चरबी मुठीत येत होती, सुटत होती.

"आये, नीट चोळ गो. गादी झालीय तिची," विशाल उंबऱ्यातून म्हणाला. धाटावच्या कंपनीत त्याची दुसरी शिफ्ट होती. बसला अजून वेळ होता.

अनिताने पदर ओढून घेतला.

"पोट असं पायजे!" त्याने बनियन वर करून थाप मारली. "चिमटीत तरी येतंय का? दगड हाय, दगड."

"इकडं ये," मैनाबाई म्हणाली. तो हसत चटईवर आडवा झाला.

त्याच्या पोटावर तिची बोटं जागीच थांबली. वर कातडी पातळ, आत सगळं ताठ, तट्ट. हातपाय मात्र काटकुळे.

"डॉक्टरकडं जा."

"मी? तिला ने. बाबांचं असंच होतं ना? तूच सांगायचीस, पैलवानाचं पोट म्हणून."

सांगायची खरी. तिचा नवरा जनू, धरमतरच्या धक्क्यावरचा मुकादम, त्याचं ते भरदार पोट, बायांना वाटणारा हेवा. पोराला तिने सगळं रंगवून सांगितलं होतं. आणि एके दिवशी धक्क्यावरून पाय घसरून तो गेला, हेही.

"तुझा बाप घसरला नाय," ती म्हणाली. "छातीला हात लावला नि पडला. पेणचा डॉक्टर बोलला, वरची मऊ चरबी एक वेळ परवडली. ही आतली वाईट. लिव्हरला, आतड्यांना वेढून बसते, नि शेवटी हार्टवर जाते. हाताला गवसत नाय."

विशाल उठून बसला.

"मग घसरला म्हणून का सांगितलंस?"

मैनाबाई तेलकट हात लुगड्याला पुसत राहिली.

"डॉक्टरनं विचारलं, बाई, इतकी वर्षं तुला कळलं कसं नाय? गावातल्या सगळ्या बायांची पोटं मी चोळायची, विशाल. कुठल्या तोंडानं सांगू?"

बाहेर बसचा हॉर्न वाजला. विशालने शर्ट चढवला. पोटावरचं बटण लागेना, ते त्याने तसंच सोडलं. दारात तो थांबला.

"अनिता, डॉक्टर सकाळी किती वाजता बसतात?"

"नऊला," मैनाबाई म्हणाली.

तो अनिताकडेच बघत उभा राहिला.

"नऊला," अनिता म्हणाली, तेव्हा तो गेला.