निवळबाबांची सिद्धमाती

तळ्याकाठी इतकी दाटी झाली होती, की मागच्यांना चमत्कार नुसता ऐकू येत होता. निवळबाबांनी तळ्यात येणाऱ्या ओढ्याचं पाणी बाटलीत घेऊन खळखळवलं. बाटली फेसाने गच्च!

"हा पाण्याचा राग!" बाबा गरजले. झोळीतली मूठभर सिद्धमाती आत टाकून त्यांनी पुन्हा हलवलं. फेस गायब. ओढ्यात सांडपाणी सोडणारे धुलाई कारखान्याचे मालक पहिल्या रांगेत होते. टाळ्या सर्वांत जोरात त्यांच्याच.

आठवडाभर तळ्यातही रोज टोपलीभर सिद्धमाती पडत होती, आणि पाणी आरशासारखं झालं होतं. या तळ्यात मासे पाळणाऱ्या मासेवाल्याची माशांची दोन खेपांची पिल्लं फेसात मेली होती. ही तिसरी, शेवटची. ती गेली की वडिलांनी खणलेलं तळं सोडून जायचं. अर्धी पिल्लं त्याने सकाळीच सोडली होती. उरलेली त्याच्या हातातल्या टबात होती.

"भावजी, थांबा," कुंभारकाम करणारी त्याची वहिनी पुढे आली.

"वहिनी, आज नको. मला हे खरं व्हायला हवंय हो!"

"मलाही. पण चाकावरून उठून तीस वर्षं हात धुतेय. हात मातीचे असताना साबणाला कधी फेस येतो का?"

तिने ओढ्याचं पाणी घेतलं, स्वतःच्या चाकावरची माती टाकली, हलवलं. फेस गायब.

"घ्या, मीही सिद्ध झाले! पाया कोण पडतंय?"

"ती माती अपवित्र आहे!" बाबा ओरडले.

"असेल. पण कामाला चोख आहे."

"मग फेस जातो कुठे?" मासेवाल्याने विचारलं.

वहिनीने तळ्याच्या तळातला मूठभर गाळ घेतला, पिण्याच्या स्वच्छ पाण्यात टाकला आणि हलवला. वर फेसाचं पांढरं कडं आलं.

"कुठेच जात नाही. साबण मातीला चिकटतो आणि तिच्याबरोबर खाली बसतो. वर आरसा, खाली सगळी घाण. तुमची पिल्लं चरतात कुठे?"

"तळाशी," म्हणत तो वाकला. पाणी खरोखरच नितळ होतं. गाळावर आडवी पडलेली सकाळची पिल्लं एकूण एक दिसत होती.

तो उठला. मग टब छातीशी धरून मालकांसमोर जाऊन उभा राहिला. टाळ्या थांबल्या होत्या. बाबांची झोळीही दिसेना.

मंडळी, पाण्याला राग येत नाही. त्यात कुणीतरी काहीतरी सोडतं. दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असं नव्हे. हात जोडण्याआधी तोच हात तळाशी घालून पाहा, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कोण राहतं, तेही विचारा.