अर्धी पिन

सवत ती सवतच. आकेयो आणि मी, एकाच नवऱ्याच्या दोन बायका, एकमेकींना पाण्यात पाहतो हे अख्ख्या होमाबे गावाला ठाऊक आहे. म्हणून तर नवरा गेल्यावर दिरानं त्याची होडी विकली, आलेले शिलिंग मोबाइलच्या खात्यात टाकले आणि पिन आमच्यात वाटून दिली. पहिले दोन आकडे तिच्या मनातले, पुढचे दोन माझ्या मनातले. एकीनं दाबायचं तेव्हा दुसरीनं तोंड फिरवायचं. फोन तिच्याकडे होता, कारण सोमवारी तिच्या लेकीच्या, आदेरोच्या पायाचं ऑपरेशन होतं. त्याला पैसे द्यायला मी कबूल झाले होते, दातओठ खात का होईना.

शनिवारी मी अंगणात ओमेना मासळी वाळत घालत होते. आकेयो फोन घेऊन धावत आली.

“अक्का, तुमचे आकडे सांगा. कंपनीतून फोन होता, खातं बंद होतंय. साहेबांनी सांगितली तशी बटणं दाबलीत, आता फक्त पिन राहिलीय.”

“कंपनी कधी पिन मागत नाही, बये. चोर आहे तो.”

“त्यांनी मागितली कुठं? मलाच दाबायला सांगितलीय.”

“म्हणजे तूच त्याला पैसे पाठवते आहेस. अक्कल गहाण टाकलीस का?”

“तुम्हाला माझी पोर लंगडीच राहायला हवीय.”

“मला तुझ्या पोरीशी काय घेणं?”

रागात माणूस बोलून जातं. पण तिनं तरी माझ्यावर का विश्वास ठेवावा? नवऱ्याच्या मातीला आलेल्या लोकांसमोर मीच म्हटलं होतं, पायावर पैसे घालण्यापेक्षा पोरीला लवकर उजवून टाक.

“फोन दे इकडे,” मी म्हटलं. मी हिसकावून घेईन म्हणून ती कुंपणापर्यंत मागं सरली आणि पाठ फिरवून बटणं दाबायला लागली. मला हसू आलं.

“दाब, दाब. माझ्या मनातलं तुला काय कळणार?”

फोन वाजला. मेसेज वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. मी फोन ओढून घेतला. सगळे पैसे कुणा अनोळखी नावावर गेले होते. तशीच कंपनीला फोन लावला, तर तिथली मुलगी म्हणाली, पैसे काढून झालेत, पोलिसात जा.

मग मी आकेयोला नाही नाही ते बोलले. सटवी म्हटलं, करंटी म्हटलं, तिच्या माहेरचाही उद्धार केला.

“आणि माझे आकडे तुला सांगितले कुणी?”

“कोण कशाला सांगेल? तुमचा ओदिरा तापानं गेला, त्या सालाचे शेवटचे दोन आकडे. त्याला शेवटची आंघोळ मीच घातली होती, अक्का. तुम्हाला तर उठवतही नव्हतं.”

माझ्या लेकाचं नाव या घरात कुणी घेत नाही. त्याच्या बापानंही सोडलं होतं. ते साल जगात फक्त मला आठवतं, अशी माझी समजूत होती. पुढची शिवी माझ्या तोंडातच राहिली.

तेवढ्यात आदेरो पाय ओढत बाहेर आली. “आई, सोमवारी कुठला फ्रॉक घालू?”

आकेयोनं मान खाली घातली. मग पोर माझ्याकडे बघायला लागली.