पंख्यांच्या रंगाचा इंडेक्स

बेंगळुरूतली आमची कंपनी मंगल कार्यालयं ऑनलाइन मिळवून देते. शोध फार रेंगाळतो म्हणून आमचा इंजिनिअर नंजुंड याने डेटाबेसच्या प्रत्येक रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पटकन सापडावं म्हणून वेगळी सूची, लावला, अगदी पंख्यांच्या रंगावरही. शोध झटपट झाला. पण आता प्रत्येक नव्या नोंदीला डेटाबेस ते सगळे इंडेक्स बदलत बसे. त्यात नंजुंडच्याच लग्नाचं आरक्षण अडकलं.

फोनवरून त्याची होणारी बायको वेदवती कडाडली, "दुसरं कुणी पळवेल ना ते कार्यालय! पंख्यांचा रंग कोण शोधतं रे?"

"तुझी आई!"

मी कोपऱ्यातून चाचरत म्हणालो, "माझं चुकतही असेल, पण ज्या रकान्यांत कुणीच काही शोधत नाही, तेवढ्यांचे इंडेक्स काढा. सासूबाईंचा ठेवा."

त्याने तसं केलं. कार्यालय क्षणात मिळालं, गुलाबी पंख्यांसकट.